द्यूतसभेपासून कॅसिनोपर्यंत

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत द्यूतासारखा विषय यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. मंगल प्रसंगी अमंगलाचे स्मरण कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु आपण आपल्याच सणावारांकडे जरा डोळसपणे पाहिले, तर हा परका पाहुणा नव्हे हे ध्यानात येईल. ज्या कोजागरीला आपण सारे एकत्र जमून केशरी दूध घेतो, त्या रात्री जागरण करून अक्षक्रीडा करावी असे व्रतग्रंथांत सांगितले आहे. दिवाळीतील बलिप्रतिपदेचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेली आहेत, आणि पाहणाऱ्याला त्यात पाप दिसत नाही, संसार दिसतो. संमेलनाच्या शेवटी आपण हौजीचे आकडे पुकारतो, तेव्हा ‘पहिली ओळ’ होताच जी आरोळी उठते, तिचे कूळही हेच.

मग खेळ कोठे संपतो आणि जुगार कोठे सुरू होतो? राजे, स्मृतिकार, न्यायाधीश आणि मंत्री यांनी अडीच-तीन हजार वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. त्या शोधाची ही थोडक्यात हकीगत.

एक वर्ष, तीन घटना

आपल्यापैकी जे नुंगंबाक्कममध्ये राहतात, त्यांना या हकीगतीचा एक धागा पायी चालून पाहता येतो. कोडंबाक्कम हाय रोडवरील वळ्ळुवर कोट्टम आपल्या परिचयाचे आहे. तिरुवारूरच्या रथाच्या धर्तीवर घडविलेला तो दगडी रथ आपण पाहुण्यांना हौसेने दाखवितो. तेथे ‘तिरुक्कुरळ’मधील १३३० द्विपद्या शिळांवर कोरलेल्या आहेत. त्यांपैकी चौऱ्याण्णवाव्या अध्यायाचा विषय आहे ‘सूदु’, म्हणजे द्यूत. वेश्यागमन, मद्यपान आणि द्यूत असे तीन अध्याय वळ्ळुवरांनी एकापाठोपाठ एक मांडले आहेत. द्यूताविषयी त्यांचे म्हणणे विशेष मार्मिक आहे. हरणाऱ्याला सावध करणे सोपे असते; वळ्ळुवर जिंकणाऱ्याला सावध करतात. मिळालेला विजय हेच खरे आमिष, गळ त्याच्या आत असतो, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होय.

हे स्मारक एप्रिल १९७६ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या हस्ते खुले झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देऊन त्यांवर कर बसविण्याचा कायदा संमत केला. आणि त्याच वर्षी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असलेल्या गोवा, दमण व दीव या प्रदेशात सार्वजनिक जुगाराला बंदी घालणारा कायदा झाला. एकाने परवानगी दिली, दुसऱ्याने बंदी केली. आज पन्नास वर्षांनी पाहावे, तर ज्याने परवानगी दिली त्या महाराष्ट्रात एकही कॅसिनो उघडला नाही, आणि ज्याने बंदी केली त्या गोव्यात मांडवीच्या पात्रावर रात्रभर दिवे झगमगत असतात. इतिहासाला विनोदबुद्धी असते, असे म्हणतात ते उगीच नव्हे.

वेदांतील जुगारी आणि कौटिल्याचा अध्यक्ष

जुगाऱ्याचे सर्वांत जुने भारतीय चित्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात आहे. फासे म्हणून त्या काळी बेहड्याची फळे वापरीत. या सूक्तातील मनुष्य देवांची स्तुती करीत नाही. बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, उधार कोणी देत नाही, हे सारे त्याला कळते. खेळावयाचे नाही असा निश्चयही तो करतो. आणि फासे पटावर पडल्याचा आवाज कानी येताच त्याची पावले तिकडे वळतात. व्यसनाचे इतके प्रामाणिक वर्णन पुढील काळातही विरळाच.

महाभारतातील द्यूतसभा सर्वांना ठाऊक आहे. परंतु वनपर्वातील नलोपाख्यानात एक प्रसंग आहे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या एका वृक्षाच्या दोन फांद्यांवरून त्या झाडावरील पानांची व फळांची संख्या सांगतो. नल खाली उतरून मोजणी करतो आणि ती बरोबर ठरते. त्यानंतर ऋतुपर्ण नलाला ‘अक्षहृदय’, म्हणजे फाशांचे मर्म शिकवितो. थोड्या नमुन्यावरून समग्राचा अंदाज बांधणे आणि फाशांचे ज्ञान, या दोहोंचे नाते आपल्या कथाकाराला जाणवले होते. युरोपात या नात्याचे शास्त्र बनावयास १६५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी, अर्धवट सुटलेल्या डावातील पैशाची न्याय्य वाटणी कशी करावी, यावर पत्रव्यवहार केला आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला.

राज्यकर्त्यांपुढे प्रश्न वेगळा होता : हा खेळ मोडून काढावा, की त्यावर देखरेख ठेवावी? मनूने राजाला बजावले, की द्यूत आणि समाह्वय, म्हणजे प्राण्यांच्या झुंजींवरील पैजा, राज्यातून घालवून द्याव्यात. कौटिल्याचा मार्ग निराळा. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, सर्व जुगार एकाच ठिकाणी आणला, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड ठेवला, फासे सरकारी आणि भाड्याने दिलेले, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाचे. गुप्तपणे उपजीविका करणारे लोक तेथे आपोआप नजरेस पडतात, हा त्यामागील आणखी एक हेतू. याज्ञवल्क्यानेही सभिकाला, म्हणजे अड्डा चालविणाऱ्याला, राजाचे संरक्षण आणि त्याबदली राजाला वाटा, अशी व्यवस्था सांगितली. आजचा परवाना, आजचा कर आणि आजचा निरीक्षक यांची मांडणी येथे तयारच आहे. पुढील दोन हजार वर्षे मनू आणि कौटिल्य यांच्यातील हा वाद संपलेला नाही. प्रत्येक विधानसभेत तो नव्याने होतो.

मराठीच्या उंबरठ्यावरचा जुगार

आपल्या भाषेचा आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘लीळाचरित्रा’च्या आरंभीच द्यूत आहे, हे सांगितले तर अनेकांस आश्चर्य वाटेल. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. त्यांत स्वामींच्या पूर्ववृत्ताची हकीगत येते. गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपालदेव यास द्यूताचा नाद होता. एकदा तो मोठी रक्कम हरला. देणे भागविण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागितले, आणि तिने ते दिले नाहीत. देणे पुढे वडिलांकडून फिटले; परंतु त्या नकाराने त्याचे मन संसारातून उडाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घराबाहेर पडला, ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंना भेटला आणि चक्रधर झाला.

श्रद्धाळू वाचक या कथेत वैराग्याचा उगम पाहतात, आणि ते योग्यच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र कमळाइसेकडेही पाहावे. वैदिक सूक्तातील स्त्री निघून गेली. द्रौपदीला पणाला लावताना तिला कोणी विचारले नाही, आणि सभेत तिने विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. ‘मृच्छकटिक’ नाटकात दहा सुवर्णांच्या ऋणात सापडलेल्या संवाहकाला वसंतसेनेने आपले कंकण पाठवून सोडविले. कमळाइसा या साऱ्यांहून वेगळी. तिने सरळ नाही म्हटले. पटावर न बसलेल्या माणसाने हिशेब चुकता करावयाचा, ही द्यूताची सर्वांत जुनी रीत आहे, आणि ती मोडणारी एक स्त्री मराठी गद्याच्या उंबरठ्यावर उभी आहे.

व्हेनिस ते मोंटे कार्लो

कॅसिनो हा शब्द इटालियन. मूळ अर्थ ‘लहानसे घर’. व्हेनिसच्या राज्याने १६३८ मध्ये ‘रिडोट्टो’ नावाचे सरकारमान्य जुगारगृह उघडले. खेळणारे मुखवटे घालून येत. पटाची पेढी चालविण्याचा अधिकार मात्र उमराव घराण्यांकडे. अनेक घराणी धुळीस मिळाल्यावर १७७४ मध्ये ते बंद करण्यात आले. कौटिल्याने आरंभ केला आणि मनूने शेवट केला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे हे केंद्र जर्मनीतील आरोग्यस्नानाच्या गावी गेले. दस्तयेव्हस्की हा रशियन कादंबरीकार तेथेच नादावला. १८६६ मध्ये प्रकाशकाशी केलेला जाचक करार पाळण्यासाठी त्याने जुगाऱ्यावरील आपली कादंबरी सव्वीस दिवसांत सांगून लिहवून घेतली. ती लिहून घेणारी तरुणी पुढे त्याची पत्नी झाली. जर्मनीतील जुगारगृहे १८७२ च्या अखेरीस बंद झाली. तत्पूर्वीच, १८६३ मध्ये, होम्बुर्ग येथील चालक फ्रान्स्वा ब्लाँ याने मोनॅको या चिमुकल्या संस्थानातील कॅसिनोची सूत्रे हाती घेतली होती. त्याने संस्थानाचा खजिना असा भरला, की १८६९ मध्ये तेथील राजाने प्रजेवरील प्रत्यक्ष कर रद्द केले. मंदीच्या काळात, १९३१ साली, अमेरिकेतील नेव्हाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि वाळवंटात लास व्हेगास फोफावले. पूर्वेकडे पोर्तुगीज अंमलाखालील मकाव येथे तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच जुगाराचे परवाने दिले जात होते.

या प्रवासात एक नियम पुनःपुन्हा भेटतो. मोनॅकोचे नागरिक मोंटे कार्लोच्या पटांवर खेळू शकत नाहीत. नेपाळचे कॅसिनो नेपाळी नागरिकांसाठी नाहीत. सिंगापूरने २०१० मध्ये दोन कॅसिनो उघडले, तेव्हा परदेशी प्रवाशाला प्रवेश विनामूल्य ठेवला आणि स्वतःच्या नागरिकांवर शंभर डॉलरचे प्रवेशशुल्क बसविले. जे इतरांना चवीने वाढावयाचे, ते आपल्या लेकरांच्या पानात पडू नये, अशी प्रत्येक यजमानाची काळजी! स्वतःच्या मालाविषयी विक्रेत्याचे खरे मत यातून कळते.

पाऊस, कापूस आणि मटका

मुंबईने कॅसिनोची वाट पाहिली नाही. तिने स्वतःचे जुगार निर्माण केले, आणि तेही व्यापारी शहराला साजेसे. एकोणिसाव्या शतकात तेथे पावसावर सट्टा चाले. ठरावीक वेळेत पन्हाळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैजा लागत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात फासे, पत्ते इत्यादी साधनांचा विचार होता. पावसाला साधन म्हणावे कसे, असा पेच न्यायालयापुढे आला, आणि आकाशातून पडणाऱ्या पाण्याला कायद्याच्या कक्षेत आणण्यासाठी १८९० मध्ये दुरुस्ती करावी लागली. कलकत्त्याला असाच कायदा १८९७ मध्ये झाला.

येथे पुन्हा नुंगंबाक्कमची आठवण होते. १७०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात पडलेल्या पाच खेड्यांपैकी हे एक. येथेच १७९२ मध्ये मद्रासची वेधशाळा उभी राहिली, आणि आजही शहरात किती पाऊस झाला ते सांगताना नुंगंबाक्कमचा आकडा प्रथम दिला जातो. एकाच पावसाकडे पाहण्याच्या या दोन रीती. वेधशाळेने वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि उद्याच्या अंदाजात किती अनिश्चितता आहे ते सांगावयास शिकली. सट्टेबाजाला काल काय झाले याची नोंद नको होती, त्याला फक्त आजचा थरार हवा होता.

पावसानंतर कापूस. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडते व बंद होणारे भाव तारयंत्राने मुंबईस येत, आणि त्यांच्या शेवटच्या आकड्यावर लोक पैसे लावीत. हा ‘आकडा’. १९६१ च्या सुमारास हे भाव येणे थांबले, पण आकडा थांबला नाही. कच्छमधून आलेले कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला, आणि फाळणीनंतर कराचीहून आलेले रतन खत्री यांनी १९६४ मध्ये नवा वरळी मटका. मडक्यातून चिठ्ठी काढण्यावरून पडलेले नाव पुढे पत्ते आले तरी कायम राहिले. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, शेवटचा आकडा घ्यावयाचा : पाच, तीन, सहा आले तर चौदा, म्हणजे चौका. संध्याकाळी ‘ओपन’, रात्री ‘क्लोज’, आणि दोन्ही मिळून ‘जोडी’. गिरणगावातील चाळींतून हा आकडा वाऱ्यासारखा पसरे. आदल्या रात्रीचे स्वप्न, गाडीचा क्रमांक, देवळातील घंटांची संख्या, कशातूनही लोक उद्याचा आकडा वाचीत.

गिरणी कामगार याकडे का वळला, हे समजून घेतले पाहिजे. त्याचा पगार ठरलेला, खोली दहा बाय दहाची, गावाकडे मनीऑर्डर धाडावयाची, आणि या चक्राबाहेर पडण्याची वाट दिसत नसे. चार-आठ आण्यांत त्याला दिवसभराची आशा विकत मिळे. आकडा लिहून घेणारा बुकी ओळखीचा असे आणि जिंकलेले पैसे सहसा बुडत नसत. त्या बेकायदा व्यवहारात लिखित करारापेक्षा बोलण्याला किंमत होती. आणीबाणीत खत्रींना सुमारे एकोणीस महिने तुरुंगात काढावे लागले. म्हणजे वळ्ळुवर कोट्टम खुले होत असताना आणि महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा लिहिला जात असताना मटक्याचा राजा गजाआड होता! १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि मटक्याचा मूळ गिऱ्हाईकही पांगला. खत्रींचे निधन मे २०२० मध्ये झाले.

सरकारनेही या नादावर उतारा म्हणून स्वतःची सोडत काढली. महाराष्ट्र राज्य लॉटरीचा आरंभ १२ एप्रिल १९६९ चा. लोकांनी मटक्यापासून परावृत्त व्हावे आणि कल्याणकार्यास पैसा मिळावा, असा दुहेरी हेतू सांगितला गेला. कॅसिनोचा १९७६ चा कायदा मात्र सत्तेचाळीस वर्षे अंमलात न येता कागदावर राहिला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

मद्रासकडील वाटचाल

आपल्या या दुसऱ्या घराची हकीगतही कमी रंजक नाही. चेन्नईहून दीडएक तासाच्या अंतरावर उत्तिरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील दहाव्या शतकातील शिलालेखांत ग्रामसभेचे सदस्य निवडण्याची पद्धत कोरली आहे. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रावर लिहून घटात टाकावयाची, घट हलवावयाचा, आणि एका अजाण मुलाकडून चिठ्ठी काढवावयाची. मडके तेच, चिठ्ठी तीच. चोळांच्या काळी दैवाचा उपयोग कोणाचा पक्षपात होऊ नये म्हणून केला गेला. हजार वर्षांनी वरळीत तोच घट आकड्यासाठी हलला. दोष घटात नव्हता.

गिंडीला घोड्यांच्या शर्यती १७७७ पासून होत आल्या. मद्रास रेस क्लबची स्थापना १८९६ ची. तमिळनाडूने १९७४ मध्ये शर्यतींवरील पैजा बंद करण्याचा कायदा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की अश्वशर्यतीत कौशल्याचे प्राधान्य आहे, म्हणून तो जुगार नव्हे. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने क्लबचा भाडेपट्टा रद्द करून गिंडीची जमीन ताब्यात घेतली आणि तो वाद न्यायालयात गेला. लॉटरीचेही असेच. अण्णादुराईंच्या सरकारने १९६८ मध्ये सरकारी सोडत सुरू केली आणि जानेवारी २००३ मध्ये जयललितांच्या सरकारने सर्व लॉटऱ्यांवर बंदी घातली. शेजारच्या केरळात १९६७ मध्ये सुरू झालेली लॉटरी मात्र चालूच आहे. राज्याची सीमा ओलांडली, की पाप पुण्य होते!

‘कौशल्य की दैव’ हा निकष कसा आला, तेही सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्यात एके काळी बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी घरोघर वेड लावले होते. बंगलोरहून निघणाऱ्या अशा एका स्पर्धेवर मुंबई सरकारने कर बसविला, तेव्हा चमारबागवाला यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ मध्ये सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेद, महाभारत आणि स्मृती यांचे दाखले देऊन म्हटले, की जुगार हा व्यापारच नव्हे; त्याला राज्यघटनेतील व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही. बेहड्याची फळे फेकणारा तो वैदिक जुगारी असा स्वतंत्र भारताच्या न्यायालयात साक्षीला आला. पुढे १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, आणि या एका वाक्याच्या आधारे अर्ध्या शतकानंतर फार मोठा उद्योग उभा राहिला. त्याकडे शेवटी येऊ.

मांडवीवरील जहाजे

गोव्याच्या १९७६ च्या बंदीला १९९२ मध्ये पहिले भोक पडले. पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांची यंत्रे ठेवण्यास परवानगी मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पटावरील खेळांस मोकळीक दिली. युक्तिवाद असा, की जहाज समुद्रात असेल, जमीन निर्मळ राहील. प्रत्यक्षात जहाजे पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगर टाकून बसली. ती हलविण्याची आश्वासने निरनिराळ्या सरकारांनी दिली. मुदती वाढत गेल्या. सिक्कीमने २००२ मध्ये कायदा करून तोच मार्ग धरला. या दोन राज्यांपलीकडे भारतात कॅसिनोला स्थान मिळालेले नाही.

गोमंतकीय समाज याविषयी दुभंगलेला आहे, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. खाणी बंद पडल्यावर रोजगार कोठून आणावयाचा, हा एका घराचा प्रश्न. मुलगा रात्री कोठे जातो, हा दुसऱ्या घराचा. कधीकधी ही दोन्ही घरे एकच असतात. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई झाली. म्हणजे मोनॅकोचा नियम मांडवीवर आला. केंद्राने ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या रकमेवर शेकडा अठ्ठावीस आणि सप्टेंबर २०२५ पासून शेकडा चाळीस वस्तू व सेवा कर ठेवला. कौटिल्याला शेकडा पाच पुरले होते.

आकर्षण कशाचे?

पैशाच्या लोभाने माणूस खेळतो, हे उत्तर अर्धेच खरे आहे. हिशेब अगदी सोपा आहे. मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लागतो आणि रुपयास नऊ रुपये मिळतात. म्हणजे सरासरीने शंभराचे नव्वद परत येतात. तेच नव्वद पुन्हा लावले तर एक्क्याऐंशी. दहा फेऱ्यांत शंभराचे पस्तीस उरतात. युरोपीय रुलेटच्या चक्रावर सदतीस घरे असतात आणि एका घरास छत्तीसपट मिळते; चालकाचा वाटा शेकड्यास तीनहूनही कमी. हे उदार वाटेल, पण चक्र तासाला कितीतरी वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत तो वाटा पुन्हा कापला जातो. कॅसिनोला फसवणूक करावी लागत नाही. त्याला फक्त आपण बसून राहावयास हवे असतो. म्हणून तेथे घड्याळ नसते, खिडकी नसते, आणि नोटेऐवजी हातात रंगीत चकती असते. तिला घरखर्चाचा वास येत नाही.

मन कसे चकते याचे उत्तम उदाहरण १८ ऑगस्ट १९१३ चे आहे. मोंटे कार्लोच्या एका पटावर चेंडू सलग सव्वीस वेळा काळ्या घरात पडला. आता तांबडे येणारच, या खात्रीने लोक दर फेरीस अधिकाधिक रक्कम तांबड्यावर लावीत गेले आणि बुडाले. चेंडूला स्मरणशक्ती नसते, हे त्यांना कळत होते. पण पटले नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर याने कबुतरांवर प्रयोग करून दाखविले, की दर वेळी दाणा मिळाला तर पक्षी भूक भागताच थांबतो. कधी मिळेल ते ठाऊक नसले तर तो चोच मारीतच राहतो. ‘थोडक्यात हुकले’ ही भावना हरल्याचे दुःख देत नाही, पुढच्या डावाचे निमंत्रण देते. वळ्ळुवरांनी प्रयोगशाळेवाचून हे ओळखले होते.

याखेरीज आणखी एक आकर्षण आहे, आणि ते हलके लेखू नये. पटाभोवती सारे सारखे असतात. कारकून आणि कारखानदार यांचा आकडा एकाच मडक्यातून निघतो. ज्याच्या आयुष्यात काही अनपेक्षित घडत नाही, त्याला तेथे काही क्षण दैवाशी समोरासमोर बोलावयास मिळते. परमुलखात एकट्याने राहणाऱ्यास तर ही सोबतही वाटते. आपल्यासारख्या मंडळांनी पन्नास वर्षे जी सोबत फुकट दिली, ती तेथे मोबदला घेऊन मिळते, एवढाच फरक.

घरातला पट

आज द्यूतसभेला वाट शोधत जावे लागत नाही. ती खिशातील दूरध्वनीवर येऊन बसते. मुखवटा नको, जहाज नको, बुकी नको. तमिळनाडूत पैसे लावून खेळावयाच्या या खेळांत कर्जबाजारी झालेल्यांच्या आत्महत्यांची वृत्ते येऊ लागली, तेव्हा सरकारने २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. तिच्या अहवालानंतर वटहुकूम, विधेयक, राज्यपालांनी विधेयक परत पाठविणे, विधानसभेने ते पुन्हा संमत करणे, असे सारे सोपस्कार होऊन एप्रिल २०२३ मध्ये कायदा झाला. नोव्हेंबरात मद्रास उच्च न्यायालयाने दैवाच्या खेळांवरील बंदी मान्य केली. परंतु रमी आणि पोकर यांना त्यातून वगळले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा करून, कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांस बंदी घातली. मनूने पुन्हा एक डाव जिंकला. परंतु आजवरचा इतिहास पाहता पट मिटला असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

कायदा दाराशी पहारा करील; घराच्या आत त्याचे डोळे पोहोचत नाहीत. तेथे उपयोगी पडते ती कमळाइसेची रीत. घरातील मिळकत, कर्ज आणि खर्च यांविषयी पतिपत्नींत आणि मुलांशी मोकळे बोलणे असेल, तर दागिने मागण्याची वेळ येत नाही. आणि आलीच, तर नाही म्हणण्याचे बळ असते. ज्याचा पाय घसरला, त्याला दोष देणारे पुष्कळ भेटतात. तो पुन्हा चारचौघांत येऊन बसू शकेल अशी एखादी जागाही गावात असावी लागते. परगावी मराठी मंडळ असते ते अशाच कारणांसाठी.

तेव्हा येत्या कोजागरीला सारीपाट अवश्य मांडावा, सोंगट्या माराव्यात, हौजीची ओळ पूर्ण होताच खुशाल ओरडावे. पटावरून उठताना प्रत्येकाच्या हातात तेवढेच असावे, जेवढे घेऊन तो बसला होता. अधिक काही मिळालेच, तर ते दुधाचा पेला आणि चार घटकांची संगत. खेळ कोठे संपतो आणि जुगार कोठे सुरू होतो, याचे स्मृतिकारांना न सापडलेले उत्तर आपल्या आजींना केव्हाच सापडले होते : सगळ्या सोंगट्या रात्री मोजून डब्यात परत गेल्या, की खेळ.